कर्नलनं काय लिहून ठेवावं

कर्नल म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, यंत्राचे सगळे भाग चालवणारा. त्यात एक अगदी छोटा ड्रायव्हर आहे, म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाशी बोलणारा प्रोग्राम. रास्पबेरी पाय या बोर्डाला पुरेसं व्होल्टेज मिळतंय की नाही, एवढंच तो बघतो. दर दोन सेकंदांनी तो फर्मवेअरला, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या आतल्या प्रोग्रामला, विचारतो: मधल्या वेळात व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं होतं का? ही पातळी साधारण ४.६३ व्होल्टची आहे. गेलं असेल तर तो एक ओळ लिहितो, 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड'. सावरलं की दुसरी, 'व्होल्टेज नॉर्मलाइज्ड'. या दोन ओळींच्या मध्ये, व्होल्टेज कितीही वेळ पडलेलं असो, तो गप्प राहतो.

मला हा ड्रायव्हर फार आवडतो. दर दोन सेकंदांनी 'अजून पडलेलंच आहे, अजून पडलेलंच आहे' असं लिहीत बसणं त्याला सहज जमलं असतं. त्याऐवजी तो फक्त बदल लिहितो. यंत्राच्या पोटात चाललेल्या हजार गोष्टींपैकी कर्नलनं कुठली कागदावर उतरवावी, या प्रश्नाचा मी गेली काही वर्षं ध्यास घेतला आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर मला या दोन ओळींत दिसतं. उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी या ड्रायव्हरशी माझं भांडण आहे. ते पुढे येईल.

मी छत्रपती संभाजीनगरला एका लहान कंपनीत काम करते. दूध संकलन केंद्रांवर जे छोटे संगणक बसवतात, त्यांच्यासाठी लिनक्स तयार करणं हे माझं काम. आमची बरीच केंद्रं धाराशिव जिल्ह्यात आहेत, भूम, परंडा, कळंब या पट्ट्यात. बालाघाटाच्या या माळरानावर पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनच्या भावाचा त्याहून नाही, पण गोठ्यातल्या दोन-तीन गाईंचा पैसा दर दहा दिवसांनी घरात येतो. भूमचा खवा लांब लांब जातो तो याच दुधाचा. त्यामुळे केंद्रावरचा काटा आणि फॅट मशीन या दोन वस्तूंवर गावाची नजर असते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, धरून दर निघतो. त्यात पॉइंट इकडेतिकडे झाला की बाई किटली घेऊन परत फिरते आणि पुन्हा मोजायला लावते. तिचं बरोबरच आहे.

आमचा बोर्ड या काट्याला आणि फॅट मशीनला यूएसबीच्या वायरीनं जोडलेला असतो. वजन आलं, फॅट आली, शेतकऱ्याचा नंबर टाकला की पावती निघते. सरळ काम आहे. पण भूम तालुक्यातल्या एका केंद्रावर संध्याकाळच्या संकलनात काटा मध्येच नाहीसा व्हायचा. स्क्रीनवर 'काटा जोडलेला नाही' असं यायचं. केंद्र चालवणारे तात्या फोनवर म्हणाले, "ताई, काट्याचा दिवा चालूच राहतोय, आकडा बी दिसतोय, पण कंप्युटर म्हणतोय काटाच नाही. मी वायरीला हात बी लावला नाही." रांगेत चाळीस माणसं, अर्ध्यांचं दूध घेऊन झालेलं, आणि यंत्र म्हणतंय काटा नाही. अशा वेळी संशय पहिल्यांदा तात्यांवर जातो.

त्या केंद्रावर तेव्हा दुसऱ्या एका पुरवठादाराचा जुना बोर्ड होता. त्याची नोंदवही मी उघडली तर आत फक्त 'एरर' आणि त्याहून गंभीर ओळी. बाकीचं सगळं साठवण्याआधीच गाळलेलं. हा गाळणीचा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे, आणि त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे: एसडी कार्ड लहान, त्यावर सतत लिहिलं की ते झिजतं, आणि किरकोळ ओळी वाचायला कुणाला वेळ आहे? त्या नोंदवहीत मला दिसलं ते असं. 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड'. त्याखाली यूएसबीच्या एका पोर्टाची ओळ: 'डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?, री-एनेबलिंग'. हब म्हणजे यूएसबीचे पोर्ट सांभाळणारा भाग, आणि हा ईएमआय कर्जाचा नव्हे, विद्युत गोंगाटाचा. मग पुन्हा 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड'. पुन्हा तेच. संध्याकाळभर तेच.

हे वाचून कुणीही म्हणेल की संध्याकाळभर व्होल्टेज पडलेलं होतं. तात्यांनी वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावून दाखवलं, लाईट व्यवस्थित आहे. तात्या स्टॅबिलायझर घ्यायला निघाले होते.

आता कर्नलच्या ओळींच्या आठ पातळ्यांबद्दल सांगायला हवं. कर्नलची प्रत्येक ओळ शून्य ते सात यांपैकी एका पातळीची असते. शून्य म्हणजे सगळं संपलं, सात म्हणजे डीबग, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या उपयोगाची बारीकसारीक माहिती. मधे अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो. ही उतरंड लिनक्सहून जुनी आहे. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रामसाठी सिसलॉग बनवलं, त्यातून ती आली. कर्नल सुरू होताना 'क्वाएट' हा शब्द दिला की स्क्रीनवर फक्त शून्य ते तीन एवढंच उमटतं. न दिला तर साधारणपणे शून्य ते सहा. डीबग मुद्दाम मागावं लागतं.

गंमत म्हणजे व्होल्टेज पडल्याची ओळ पातळी दोनची आहे, क्रिटिकल. सावरल्याची ओळ पातळी सहाची, इन्फो. लिहिणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर यात काही वावगं नाही. पडणं गंभीर, सावरणं ही नुसती माहिती. पण गाळणी लावली की पडल्याच्या सगळ्या ओळी राहतात आणि सावरल्याच्या सगळ्या वाहून जातात. मग किती वेळ पडलं होतं हे कळायला मार्गच उरत नाही. क्षणभराचा झटका आणि तासाभराचा अंधार कागदावर सारखेच दिसतात. या ड्रायव्हरशी माझं भांडण आहे ते इथे.

आणि जी ओळ मला खरोखर हवी होती, तीही इन्फोच होती. यूएसबीचं यंत्र निघालं, पुन्हा लागलं, आणि आता अमुक नावानं लागलं, हे सगळं कर्नल इन्फो पातळीवर लिहितो. यंत्र निघणं हा काही बिघाड नाही, माणसं दिवसभर पेनड्राइव्ह काढत-घालत असतात. कर्नलनं ते 'एरर' म्हणून ओरडायला सुरुवात केली तर घराघरातले संगणक दिवसभर ओरडत राहतील. म्हणजे पातळी ठरवणारा चुकलेला नव्हता. तो त्याच्या जागेवरून बघत होता. भूमच्या केंद्रावर मात्र सगळं कोडं सोडवणारी ओळ सर्वांत आधी गाळली जाणारी होती.

आमच्याकडे पैसेवारीचं असंच होतं. अख्ख्या गावाच्या पिकाचा एक आकडा निघतो, आणि तो ५० पैशांच्या वर आहे की खाली यावर गावाची सवलत अडते. गावाच्या एका शिवारात पाऊस झालेला असतो, ओढ्यापलीकडच्या शिवारात पेरणीच वाया गेलेली असते. आकडा खोटा नसतो, प्रयोग करूनच तो काढलेला असतो. पण ओढ्यापलीकडच्या माणसाला जे सांगायचं होतं ते त्या आकड्यात शिल्लक राहिलेलं नसतं. लॉगची, म्हणजे या नोंदींची, पातळी हा असाच एक आकडा आहे. घटना किती गंभीर हे तो सांगतो. ती नोंद कुणाच्या, कधी, किती उपयोगाची हे त्याला ठाऊक नसतं.

माझ्या सहकाऱ्याचा स्वभाव माझ्या उलट. त्याचं म्हणणं, मग सगळंच चालू करू. त्यानं यूएसबीच्या ड्रायव्हरांचं डीबग उघडलं. काटा दर सेकंदाला अनेकदा वजन पाठवतो, फॅट मशीन वेगळंच काही पाठवतं, आणि डीबगमध्ये प्रत्येक देवाणघेवाणीच्या ओळी पडतात. कर्नल या ओळी मेमरीतल्या एका गोल बफरात, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. मूळ मांडणीत त्याचा आकार २ चा १७ वा घात, म्हणजे १२८ केबी. शंभर अक्षरांची ओळ धरली तर जेमतेम तेराशे ओळी. भरला की जुन्या ओळींवर नव्या चढतात. डीबगच्या पुरात तो बघता बघता भरून वाहू लागला आणि व्होल्टेज पडल्याची ओळ, जी आधी निदान होती तरी, तीही पुसली गेली. माहिती वाढवली आणि हाती असलेलं गेलं.

हा अनुभव फक्त आमचा नाही. २०१४ साली याच 'डीबग' शब्दावरून कर्नलच्या जगात मोठा तंटा झाला होता. कर्नल सुरू करताना दिलेला तो शब्द सिस्टमडी या, कर्नलनंतर बाकीचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या प्रोग्रामनंही स्वतःसाठी वाचला आणि कर्नलच्या बफरात इतक्या ओळी ओतल्या की काही यंत्रं सुरूच होईनात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स चिडले होते. पुढे बाहेरच्या प्रोग्रामांनी कर्नलच्या वहीत किती लिहावं यावर मर्यादा आली. कर्नलच्या आतही अशी मर्यादा आहेच: ज्या ओळींना ती लावलेली असते त्या ५ सेकंदांत १० पर्यंत सोडल्या जातात, बाकीच्या दाबून नंतर 'इतक्या दाबल्या' एवढं लिहिलं जातं. किती दाबल्या हे लिहितात याचं मला फार समाधान वाटतं. गाळलं तरी गाळल्याचा हिशोब ठेवला.

ओळ लिहिण्याची किंमत फक्त जागेची नसते, वेळेचीही असते, आणि याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. आमच्या बोर्डांवर दुरुस्तीसाठी एक सिरीयल कन्सोल काढलेला असतो, कर्नलच्या ओळी एकेक अक्षर करून बाहेर पाठवणारा, तीन वायरींचा. त्याचा वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला तेवढे बिट. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सात मिलिसेकंद लागतात. जुन्या ९६०० च्या वेगावर त्याच ओळीला त्र्याऐंशी. माणसाला हे काहीच वाटत नाही, पण कर्नलच्या हिशोबात सात मिलिसेकंद म्हणजे फार मोठा काळ. आणि ओळी छापणाऱ्या, कर्नलच्या प्रिंटके या फंक्शनची रीत अशी होती की जो प्रोसेसर ओळ लिहायला आला, त्याच्याच गळ्यात ती, आणि रांगेतल्या इतरांच्याही ओळी बाहेर ढकलायचं काम पडायचं. ओळींचा पूर आला तर तो प्रोसेसर तिथेच अडकायचा. वीस सेकंद अडकला की पहारा ठेवणारा दुसरा भाग 'सॉफ्ट लॉकअप' अशी तक्रार लिहायचा, म्हणजे आणखी ओळी.

तरी प्रिंटके इतकं साधं ठेवण्यामागे मोठं शहाणपण होतं, आणि ते विसरलं तर अन्याय होईल. ते कुठूनही हाक मारता येतं. इंटरप्टच्या मधून, म्हणजे हातातलं काम तोडून आलेल्या तातडीच्या कामातून, एखाद्या सामाईक गोष्टीचं कुलूप हातात असताना, यंत्र कोसळत असताना. शेवटच्या क्षणी निघालेली ओळ बाहेर पोचावी म्हणून ते थांबून, तिथल्या तिथे लिहायचं. ही हमी आणि वेळेची शिस्त यांचं जमेना. लिनक्सला काटेकोर वेळेत काम करायला लावणारी रिअल-टाइमची कामगिरी २००४ च्या सुमारास सुरू झाली आणि ती मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे सामावली गेली २०२४ साली, ६.१२ या आवृत्तीत. शेवटपर्यंत अडून राहिलेला भाग होता तो हाच, ओळी छापण्याचा. त्याआधी २०२० मध्ये ५.१० या आवृत्तीत जॉन ओग्नेस यांनी कुलपाविना चालणारा नवा गोल बफर आणला होता. मग छापण्याचं काम वेगळ्या धाग्यांकडे, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांकडे, गेलं, आणि यंत्र कोसळतानाच तेवढं थेट लिहायचं असं ठरलं. एक ओळ लिहिण्यासाठी इतक्या माणसांनी इतकी वर्षं घातली, याचा मला मनापासून आदर वाटतो. ज्याला 'नुसती नोंद' म्हणतात ते काम मुळीच नुसतं नाही.

आता मी सहकाऱ्याचं डीबग बंद करून काय केलं ते. कर्नलमध्ये डायनॅमिक डीबग नावाची सोय आहे. डीबगच्या ओळी कोडमध्ये असतात, पण निजलेल्या. चालू यंत्रावर, कर्नल न बदलता, अमुक फाइलमधल्या, अमुक फंक्शनमधल्या, अगदी अमुक क्रमांकाच्या ओळीपुरत्या त्या जाग्या करता येतात. निजलेल्या असताना त्यांचा भार जवळपास शून्य. ही सोय समजल्यावर 'किती नोंदवावं' या प्रश्नाचं रूपच बदलतं. कोड लिहितानाच कायमचा निर्णय घ्यायची गरज राहत नाही. लिहिणाऱ्यानं उदारपणे लिहावं, आणि जिथे दुखतंय तिथे उभ्या माणसानं हवं ते उघडावं. पण मला त्या दिवशी तीही लागली नाही. मी फक्त गाळणी बदलली: यूएसबी आणि व्होल्टेज या दोन विषयांचं इन्फोपर्यंत सगळं ठेवा, बाकीचं पूर्वीसारखं.

दुसऱ्याच संध्याकाळी गोष्ट सरळ ओळीत मांडून आली. व्होल्टेज पडलं. पोर्ट बंद पडून पुन्हा चालू झाला. काट्याची वायर ज्या चिपवर चालते ती टीटीवाय-यूएसबी-शून्य या नावावरून निघाली. दोन सेकंदांनी व्होल्टेज सावरलं. आणि चिप पुन्हा लागली ती टीटीवाय-यूएसबी-एक या नावानं. शून्य हे नाव पावतीच्या प्रोग्रामनं अजून हातात धरून ठेवलेलं होतं, म्हणून कर्नलनं पुढचं दिलं. प्रोग्राम जुन्या नावाकडे डोळे लावून बसला आणि म्हणत राहिला, काटा नाही.

वेळा जुळवल्यावर कारणही सापडलं. केंद्रातला बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणारी टाकी, आणि हा बोर्ड एकाच लाईनवर होते. कोमट दूध पडलं की थोड्या वेळानं कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि मोटार सुरू होतानाचा करंट चालू असतानाच्या पाच-सहा पट असतो. संध्याकाळी गावात मोटारी, टीव्ही, दिवे सगळं एकदम लागलेलं, डीपीवर आधीच ओझं. तेवढा एक झटका स्वस्तातल्या ॲडॉप्टरला सोसत नव्हता. वायरमनचा मीटर खरं बोलत होता, लॉगही खरंच बोलत होता. बोर्डाला वेगळा, दमदार ॲडॉप्टर दिला, आणि काट्याचं नाव पोर्टाच्या जागेशी बांधून टाकलं, म्हणजे तो कितीदाही निघून लागला तरी त्याच नावानं सापडेल. स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. तात्यांनी रांगेतल्या लोकांना बोलावून स्क्रीनवरच्या ओळी दाखवल्या. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती असं नाही, अर्थ लागत नव्हता. पण वेळ दिसत होती, आणि त्या वेळेला कूलर सुरू झाल्याचं सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं.

वेळेवरून आठवलं. कर्नल ओळीपुढे जी वेळ लिहितो ती यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद, मायक्रोसेकंदापर्यंत. फार बारीक, आणि गावात जवळपास निरुपयोगी. केंद्राच्या वहीत 'सहा वाजून वीस मिनिटं' असतं. घड्याळाची वेळ जोडायची तर बोर्डाला घड्याळ हवं, आणि रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीपूर्वीच्या बोर्डांवर ते नसतंच. लाईट गेली, परत आली, इंटरनेट नाही, तर बोर्ड शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालतो. तासाभराचा अंधार नोंदवहीत दिसतच नाही. आम्ही आता प्रत्येक बोर्डावर छोटी बॅटरी असलेलं घड्याळ बसवतो. नोंदीचा तपशील वाढवायचा म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी हजार नव्या ओळींच्या आधी हे घड्याळ मागेन.

लाईट जाण्याचा दुसरा त्रास अधिक मोठा आहे. गोल बफर मेमरीत असतो. यंत्र कोसळलं तर शेवटच्या ओळी वाचाव्यात म्हणून रॅमऊप्स नावाची चांगली सोय आहे, मेमरीचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि पुन्हा सुरू झाल्यावर वाचायचा. पण तो कोपराही वीज असेल तोवरच टिकतो. वीज गेली की तोही कोरा. ही सोय ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांपुढे कोसळणारं यंत्र होतं, वीज जाणारं गाव नव्हतं. आमच्याकडे यंत्र कोसळून बंद पडणं क्वचित, लाईट जाऊन बंद पडणं रोजचं. म्हणून निवडक ओळी लगेच कार्डावर उतरवाव्या लागतात, आणि कार्ड झिजू नये म्हणून त्या खरोखर निवडक असाव्या लागतात. निवड करणं इथे ऐपतीचा भाग आहे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये बसून 'सगळं साठवा, नंतर बघू' म्हणणं परवडतं.

परवडलं तरी सगळं साठवू नये असंही माझं मत होत गेलं आहे. कर्नलच्या ओळींतून मेमरीचे पत्ते बाहेर पडायचे आणि चोरट्यांना त्यांचा उपयोग व्हायचा. म्हणून २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ पासून छापलेला पत्ता साधारणपणे खरा नसतो, त्याचं विस्कटलेलं रूप असतं. साध्या वापरकर्त्याला कर्नलची वही वाचूच न देण्याचीही सोय आहे, आणि अनेक लिनक्स वितरणांत आता ती सुरू असते. आमच्याकडे धोका वेगळा. सिरीयलचं डीबग पूर्ण उघडलं तर काट्यावरून आणि फॅट मशीनवरून जाणारी अक्षरं न अक्षरं ओळींत येतात. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे दुरुस्तीच्या फाइलमधून चार ठिकाणी जाणार. गावात कुणाच्या म्हशीला किती फॅट लागते हा कुणाच्या तरी घरचा विषय असतो. त्यामुळे बाहेर पाठवायच्या कर्नलमध्ये त्या दोन ड्रायव्हरांचा हा भाग मी बांधतच नाही. सहकाऱ्याला हे अजून पटलेलं नाही, त्याच्या मते निदान जाग्यावर गेल्यावर तरी तो हाताशी हवा. मी ऐकलेलं नाही.

ओळ कशी लिहिलेली असावी यावर फार कमी बोललं जातं. कर्नलच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात सांगितलंय की चांगले डीबग संदेश सुचणं अवघड असतं, पण ते असतील तर दूर बसून दुरुस्ती करताना मोठी मदत होते. कर्नलची देखभाल करणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोह-हार्टमन, तर नव्या ड्रायव्हरांची तपासणी करताना वारंवार बजावतात की ड्रायव्हर नीट चालत असेल तर त्यानं शांत राहावं. 'मी आलो, मी तयार आहे, माझी आवृत्ती अमुक' अशा ओळी ते काढायला लावतात. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण बिघडल्यावर काय बोलावं? यूएसबीची एक ओळ अशी येते: 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१'. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, उणे ११० म्हणजे वाट बघून वेळ संपली. मला आता हे पाठ आहे, पण केंद्रावरून व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवणाऱ्या पोरानं त्या आकड्याचं काय करावं? उलट ती 'ईएमआय?' वाली ओळ बघा. हबनं पोर्ट बंद केला, कदाचित विद्युत गोंगाटामुळे असेल, पुन्हा चालू करतोय. काय घडलं, का घडलं असावं, आता काय करतोय, तिन्ही गोष्टी चार-पाच शब्दांत. आणि कारणापुढे प्रश्नचिन्ह! ते ज्यानं कुणी घातलं त्याला माहीत होतं की कारणाची त्याला खात्री नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवं. भूमला कारण खरोखर मोटारीच्या झटक्याचंच निघालं. कर्नलमधल्या माझ्या आवडत्या ओळींत ही पहिली.

तर सध्या आमच्या बोर्डांवर काय आहे? यूएसबीचं निघणं-लागणं इन्फोसकट कार्डावर जातं. फाइल सिस्टम आणि कार्डाच्या तक्रारी जातात. मेमरी संपून प्रोग्राम मारला गेला तर ते जातं. नेटवर्कच्या बहुतेक ओळी जात नाहीत, कारण डोंगराआड रेंज येणं-जाणं दिवसभर चालूच असतं, तिथे दर तासाला किती वेळा गेली एवढा आकडा पुरतो. डीबगच्या ओळी निजलेल्या असतात, त्या उघडल्या तर ठरावीक वेळानं आपोआप बंद होतात, म्हणजे कुणी उघड्या ठेवून गेलं तरी पूर येत नाही.

व्होल्टेजच्या ड्रायव्हरमध्ये मी आमच्यापुरता बदल केला आहे. सावरल्याची ओळ पडल्याच्याच पातळीवर आणली, म्हणजे गाळणी कुठलीही लावा, जोडी फुटणार नाही. मूळ कर्नलकडे तो बदल पाठवायचा माझा विचार आहे. तिथले लोक म्हणतील की सावरणं हे क्रिटिकल कसं, आणि त्यांच्या त्या म्हणण्याला वजन आहे हे मला माहीत आहे. दुसरा मार्ग म्हणजे सावरल्याच्या ओळीतच 'इतके सेकंद पडलं होतं' असं लिहायचं, म्हणजे निदान जिथे ती टिकेल तिथे ती एकटी पुरेल. ते करून बघितलं तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी 'दोन सेकंद' यायला लागलं. कारण उघड आहे. ड्रायव्हर दोन सेकंदांनीच विचारतो, आणि फर्मवेअर मधे एकदा जरी व्होल्टेज पडलं तरी ती खूण धरून ठेवतं. दशांश सेकंदाचा झटका असो की पावणेदोन सेकंदांचा, हिशोबात दोनच भरतात. मोटारीचा झटका किती लांब होता हे यातून कळणार नाही, आणि 'दोन सेकंद' असा नेमका आकडा वाचून पुढचा माणूस ॲडॉप्टरचा हिशोब त्यावर करून बसेल. म्हणून आता तिथे 'दोन सेकंदांच्या आत' असं लिहून येतं, आणि त्याहून मोठ्या काळापुढे 'सुमारे'. परंड्याच्या पुढच्या तीन केंद्रांवर हाच कर्नल जाणार आहे.